चिठ्ठ्या गेलेले खेकडे

सत्तरच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका कॉलेजात भूगर्भशास्त्राची प्रयोगशाळा सांभाळत होते. आमच्याकडे जिथं खणावं तिथं काळा दगड. त्यात जीवाश्म कुठला मिळायला! म्हणून आमचे सर दर दिवाळीच्या सुट्टीत कच्छला जायचे आणि पिशवीभर खेकडे आणायचे, दगड झालेले. मग महिनोन्‌महिने सुईनं कोरून त्यांची पाठ, नांग्या मोकळ्या करायचे. पोटाची पट्टी निमुळती असली तर नर, रुंद असली तर मादी, हे मला त्यांनीच शिकवलं. पण नेमकी जात ठरवायची तर खेकडा कुठल्या जागेचा, कुठल्या थरातला हे माहीत हवं. सर ते चिठ्ठीवर लिहून खळीनं दगडावर चिकटवत.

सरांना अर्धांगवायू झाला, वाचा गेली. दोन महिन्यांनी मी त्यांचं कपाट उघडलं, तर झुरळांनी खळीबरोबर चिठ्ठ्याही खाल्ल्या होत्या. वेगळी वही सरांनी कधी ठेवलीच नव्हती.

शिपाईमामा म्हणाले, "आता ह्यो कुठला नि त्यो कुठला, कसं कळायचं ओ म्याडम? सगळी दगडंच की!"

एकवीस खेकडे फडक्यात गुंडाळून मी कसबा बावड्याला सरांच्या घरी गेले. खाटेवर एकेक मांडला. सरांनी डाव्या हातानं एक उचलला, उलटा केला, पोटावर बोट फिरवलं. त्यांना ओळख पटली होती, चेहऱ्यावर दिसत होतं.

"सर, हा नदीच्या काठचा ना?"

त्यांनी मान हलवली. मी हरखून लिहून घेतलं. मग शंका आली.

"की टेकडीवरचा?"

मान पुन्हा तशीच हलली. जे विचारीन त्याला होच. हातात पेन्सिल दिली, तर नुसत्या रेघा उमटल्या. तोंडातून एकच शब्द निघे, "पाणी." सरांच्या पत्नीनं, काकूंनी, पेला पुढं केला तो त्यांनी ढकलून दिला. "पाणी, पाणी," म्हणत खेकडा माझ्या डोळ्यांपुढं हलवत राहिले आणि एकाएकी रडायला लागले.

काकू म्हणाल्या, "त्यांना सगळं कळतंय गं. पण आता पुरे कर."

मी खेकडे आवरले. हातातला एक त्यांनी सोडला नाही, तो तिथंच राहू दिला. कॉलेजात येऊन वीस चिठ्ठ्या लिहिल्या, सगळ्यांवर तेच: ठिकाण माहीत नाही.

सर त्यानंतर वर्षभर होते. मी दर रविवारी जायचे, पण खेकड्यांचा विषय पुन्हा काढायचं धाडस मला झालं नाही.