स्पीकरमधला कापूस

दादानं नागपूरहून दोन छोटे स्पीकर आणले तेव्हा मी दहावीत होती. विलायती, जुने, चपलेच्या खोक्याएवढे, होस्टेलमधल्या कोणाकडून तरी घेतलेले. त्यानं टेपला वायर जोडली अन् मी तर वेडीच झाली, कारण तबला खिडकीकडून येत होता आणि गाणारी बाई मधोमध, जिथं काहीच नव्हतं, तिथं कपाटापाशी उभी.

बाबा म्हणाले, "नाकातून गाऊन राह्यली."

"बाबा, तुमच्या रेडिओत सगळे रजई पांघरून गातात."

"गाऊ दे. कानाले टोचत तर नाई."

मले हे ऐकायला इतकं आवडायचं. बाबांनी सांगूनही दादानं मास्तरकीचा फॉर्म भरला नव्हता, तेव्हापासून वर्षभर दोघं बोलतच नव्हते, जेवताना 'भाजी पाह्यजे का' हेसुद्धा मीच दोघांना विचारायची. आता स्पीकरवरून का होईना, भांडत तर होते. पुढच्या सुट्टीत दादा दारात चप्पल काढत होता तेवढ्यात बाबांनी विचारलं, "काऊन रे, टोचणं कमी होत नाई का त्याचं?"

दादा म्हणाला, आतला जुना कापूस सडला आहे, नवीन भरला तर आवाज थोडा गोल होईल, दिवाळीत भरतो.

तो गेला अन् बाबांनी वाट पाह्यलीच नाही. आईनं गादीसाठी अल्लीपूरच्या मामांकडून कापूस आणवला होता, त्यातला घेतला, डब्यांच्या मागच्या फळ्या खोलल्या. मले म्हणाले, "एकेक सरकी काढजो. घाई नको करू."

पहिल्या डब्याचा कापूस मी नीट निवडला. दुसऱ्याच्या वेळी बोटं दुखत होती अन् कधी एकदा ऐकते असं झालं होतं. सरकीसकट कोंबला, वरून साफ कापसाचा थर दिला.

बाबांनी डोळे मिटून पूर्ण गाणं ऐकलं. "आता बरोबर आहे," म्हणाले.

"दादाले पत्र लिहू?"

"नाई. येऊ दे. तोंड पाहू त्याचं."

धूळ बसू नये म्हणून त्यांनी दोन्ही डबे चादरीत बांधून माळ्यावर ठेवले.

दिवाळीत दादानं गाठ सोडली तर एका स्पीकरचं समोरचं कापड आणि त्यामागचा, आवाज काढणारा कागदी पडदा उंदरांनी आरपार खाल्ला होता. चादरीत सरकीची टरफलंच टरफलं.

"सरकीसकट कोणी भरला?"

बाबांनी माझ्याकडे पाह्यलं. मी खाली पाह्यलं.

"मीच," बाबा म्हणाले. "चष्म्याविना दिसली नाई."

"पण हात काऊन लावला, बाबा?"

ओरडला असता तर बरं. तो हळूच बोलला अन् दोन्ही डबे पिशवीत भरून दुसऱ्या सकाळी घेऊन गेला.

नोकरी लागल्यावर दादानं नागपूरला मोठा सेट घेतला. आम्ही गेलतो पाहायले. बाबांना समोर बसवून त्यानं गाणं लावलं.

"कसा वाटते?"

"चांगला आहे."

दादानं एक बटण फिरवलं. आवाज इतका चिरका झाला की मी कानावर हात ठेवले. तो बाबांच्या तोंडाकडे पाहत होता.

"आता?"

"चांगला आहे," बाबा म्हणाले.

दादानं सेट बंद केला. मी तिथंच बसली होती. सरकी मी ठेवली होती, हे तेव्हाही मी सांगितलं नाही.