ईरप्पा मास्तरांनी ऑप्शनला टाकलेला प्रश्न

ईरप्पा मगदूम मास्तरांची सगळी नोकरी कुरुंदवाडजवळच्या एका सातवीपर्यंतच्या शाळेत गेली. शिष्यवृत्तीला पोरं बसवायची आणि नंबरात आणायची, एवढ्यावर त्यांचा जीव. परीक्षा म्हटलं की त्यांच्या अंगात यायचं.

त्यामुळं राजारामपुरीतल्या एका संस्थेच्या अनुजा मॅडमचा फोन आला, की सहावी-सातवीच्या मुलांना शरीरातले बदल, मासिक पाळी, बाळाचा जन्म याची कितपत माहिती आहे ते मोजायचंय, तेव्हा मास्तरांच्या कानात ‘मोजायचंय’ एवढंच शिरलं.

“मुद्दाम काही शिकवू नका हं सर. आत्ता येतंय तेवढंच बघायचंय.”

“छे छे, न्हाय ओ!” मास्तर म्हणाले आणि फोन ठेवून तयारीला लागले. शेजारच्या गावची शाळा पुढं गेली तर तोंड कुठं दाखवायचं?

वर्गात मात्र आवाज फुटेना. ‘बाळाचा जन्म’ असं फळ्यावर लिहिलं आणि अर्धं पुसलं. समोर पोरी, त्यात दोघी भावकीतल्या. घाम फुटला. शेवटी त्यांना गोठा आठवला.

“म्हसरं हाईत का न्हाईत रं तुमच्यात?”

“हाईत!” वर्ग ओरडला.

“मग सांगा, म्हस गाभण हाय म्हंजे काय?”

सगळे हात वर. रेडकू पिशवीत वाढतं, भाकरी जाते तिथं नव्हे, हे यशराजनं सांगितलं. जनावरांचा डॉक्टर काय तपासतो, ते स्वप्नालीनं. कळा, वार पडणं, पहिल्या दुधाचा चीक, पोरं थांबेनात. मास्तर खूश झाले. “हेच माणसाचं समजून लिवायचं,” म्हणाले.

पाळीचा प्रश्न तेवढा उरला. तो म्हशीला लागू नव्हता.

“त्यो ऑप्शनला टाका,” खिडकीकडं बघत त्यांनी सांगितलं.

अनुजा मॅडम आल्या, पेपर झाले. संध्याकाळी ऑफिसात त्या पेपर चाळत बसल्या आणि ओढणी तोंडाला लावून हसायला लागल्या.

“सर, माणसाचं बाळ आईच्या पोटात किती महिने असतं?”

“नऊ की.”

“सगळ्या वर्गानं दहा लिहिलंय, म्हशीचे! एकानं तर पुढं लिहिलंय, ‘मादी झाली तर ठेवायची, नर झाला तर विकायचा.’ आणि पाळी म्हणजे काय, याला सगळ्यांचं एकच उत्तर. ‘सरांनी ऑप्शनला टाकायला सांगितलंय.’”

मास्तरांनी टोपी काढली, परत घातली.

“मॅडम, आमची शाळा कितवी आली?”

“नंबर नसतो यात. हे पेपर बाद झाले.” मॅडमचं हसू आता ओसरलं होतं. “सर, सातवीच्या मुली महिन्यातनं दोन-तीन दिवस येत नाहीत, तेव्हा कारण काय सांगतात?”

“पोटदुखी.”

“सगळ्याच?”

मास्तरांनी हजेरीबुक पुढं ओढलं. कितीतरी वर्षं त्यांनी ती पोटदुखी मान्य केली होती.

घरी त्यांनी बायकोला, शांतव्वाला, सगळं सांगितलं. ती भडकलीच.

“दोन लेकी वाढवल्या या घरात, आन् तुमास्नी शब्द उच्चारता येईना व्हय? म्हणा बगू!”

“मासिक...”

“म्होरं?”

तेवढ्यात शेजारचे आकाराम दारात. “कसलं मासिक ओ मास्तर?”

“ते... शेतीचं,” मास्तर म्हणाले. “पोस्टानं येतंय.”

शांतव्वा हसत आत पळाली. आकाराम ‘वाचून झालं की मला द्या’ म्हणून गेला.

पुढच्या आठवड्यात अनुजा मॅडम मुलांना शिकवायला आल्या. सुरुवात तुम्ही करा, म्हणाल्या. मास्तरांनी डोळे मिटले आणि एका दमात ‘मासिकपाळी’ म्हणून टाकलं. डोळे उघडले तर कोणी हसलं नव्हतं. उलट यशराजचा हात वर होता.

“सर, मग म्हशीला का न्हाय येत?”

“बस खाली. मॅडम सांगतील,” मास्तरांनी सुटका करून घेतली.

श्रावण सरला तेव्हा एकदा खो-खोच्या तासाला स्वप्नाली जवळ आली. बारीक आवाजात म्हणाली, “सर, मला पाळी आलीया. खेळू का नको?”

मास्तरांचे कान तापले. पण ते हलले नाहीत.

“दुखतंय का?”

“थोडं.”

“मग बस जरा सावलीत. पाणी पी. खेळू वाटलं तर ये, न्हाय वाटलं तर ऱ्हाऊ दे.”

ती लिंबाखाली बसली. दुसरा डाव लागला तशी उठली, चप्पल काढली आणि आल्या आल्या यशराजला बाद केलं.