भोकाचा भोपळा

प्रथम घटनाक्रम. अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी आमच्या गावच्या तलावाला तारेचे कुंपण झाले, पायऱ्यांवर लोखंडी फाटक बसले आणि त्याला कुलूप लागले. नागपंचमीला माझा पहिला अर्ज गेला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुसरा. कोजागरीनंतर स्मरणपत्र. संक्रांत झाली, आणि रथसप्तमीच्या पहाटे माझ्या वहिनी, कौसल्याबाई, गेल्या. आता जबाबदार व्यक्ती : तलाव ज्यांच्या ताब्यात आहे ते अधिकारी, त्या कुलपाला मान हलवून संमती देणारे गावचे कारभारी, आणि माझ्या प्रत्येक अर्जाची पोच देऊन पुढे मौन पाळणारे ते कार्यालय. गैरसमज नको. वहिनी हृदयविकाराने गेल्या. त्यांच्या मृत्यूचा दोष मी कोणावरही ठेवीत नाही. त्या पाण्यावाचून गेल्या, एवढ्याचाच ठेवतो, आणि तो पूर्ण विचारांती ठेवतो.

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी वाशिमच्या घरी दाढी करीत होतो. "काका, आई गेली... या तुमी." मेडशीपर्यंत एसटी, पुढे आत गावापर्यंत कुणाच्या तरी मोटारसायकलवर. गावात शिरण्यापूर्वी डाव्या हाताला तलाव लागतो. पाणी चांगले भरलेले होते, वाऱ्याने हलत होते, आणि त्यात एकही माणूस नव्हता. इतकी वर्षे त्या वळणावर माझी नजर आपोआप पाण्यावर वहिनींचे डोके शोधायची. त्या दिवशीही तिने शोधले...

वहिनी आमच्या घरी नव्या नवरी म्हणून आल्या तेव्हा मी शाळेत होतो. त्यांचे माहेर पैनगंगेच्या काठचे. आमच्या घरात मात्र बायकांनी विहिरीत फक्त डोकावायचे, अशी रीत. लग्नाला थोडेच दिवस झाले असतील, मळ्यातल्या विहिरीत बादली पडली आणि वहिनींनी कासोटा घट्ट करून सरळ उडी घेतली. माझ्या आईने ती उडी तेवढी पाहिली. "धावा वं माय! सूनबाईनं जीव देला!" अर्धे गाव दोर घेऊन धावले. माझे थोरले भाऊ, वहिनींचे यजमान, पांढरेफटक पडले. तेवढ्यात पाण्यातून बादली वर आली, बादलीखाली वहिनी आल्या, आणि काठावरच्या गर्दीला म्हणाल्या, "कायले बोंबलून राह्यले सारे? बादली पडली होती." पुढे कित्येक वर्षे गावात कुणाची सून रुसली की म्हणत, "पाहा बरं, बादली काढाले गेली असन." आणि ज्या आईने ती बोंब ठोकली, तीच म्हातारपणी गुडघे धरल्यावर वहिनींच्या हाताने पोहायला शिकली. पाण्यात उताणी पडून ती आभाळाकडे पाहून हसायची. जमिनीवर मी तिला तसे हसताना पाहिलेले नाही.

वहिनींची शिकवण्याची पद्धत आमच्याकडची जुनीच होती. मळ्यातल्या दुधी भोपळ्याच्या वेलावरची दोन-चार थोराड फळे त्या तोडू देत नसत. ती वेलावरच जून व्हायची, मग वाळवून, खडखडीत झाली की जुन्या लुगड्याच्या पट्ट्यांनी शिकणाऱ्याच्या पाठीला बांधायची. भोपळा माणसाला बुडू देत नाही. गावातल्या मुली, सासरी आलेल्या सुना, नातवंडांच्या आज्या... सगळ्या त्या भोपळ्यांवर शिकल्या. बोअरवेल वाढल्या, विहीर उन्हाळ्यात तळाला जाऊ लागली, तेव्हा वहिनींनी आपली शाळा तलावावर नेली. उन्हाळ्यातल्या सकाळी तिथे बायकांच्या हसण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येई. त्यांच्या हाताखाली शिकलेले कुणी बुडाले नाही.

मी शिकलो तो न्यायालयातील लिपिकाच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर. पाण्यात उतरण्यापूर्वी मी भोपळ्याच्या मजबुतीविषयी चौकशी केली. वहिनी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "भाऊजी, स्टँपपेपर आणू काय? उतरा आता." मी उतरलो, आणि पाण्याला हातांनी मारू लागलो. "पाण्याशी काहून भांडून राह्यले? साऱ्या जिल्ह्याशी भांडता, तेवढं पुरे नाही काय तुमाले? अंग सोडा. अंग सोडलं का ते उचलते." एके सकाळी मी पायऱ्यांपासून पलीकडच्या बाभळीपर्यंत जाऊन परत आलो. छाती फुगली होती. वहिनींनी पाठीचा भोपळा सोडला आणि माझ्यासमोर उपडा केला. आतून पाणी भळभळा वाहिले. तळाला बोटभर भोक होते. त्यांनीच सुईदाभणाने पाडून मोठे केलेले. म्हणजे अर्ध्या वाटेपासून तो मला धरून नव्हताच. "ही शुद्ध फसवणूक आहे," मी ओरडलो. "हाव," त्या म्हणाल्या, "करा केस. पण पोहून जा कचेरीत." काठावरच्या बायका हसून हसून बसल्या. शेवटचा भोपळा प्रत्येकाला भोकाचाच मिळतो, हे त्या सगळ्यांना ठाऊक होते. नियम असा की ज्याने तो पाठीवर वागवला त्याने नव्या शिकणाऱ्याला सांगायचे नाही.

मग बाहेरगावची काही मुले दारू पिऊन तलावात उतरली आणि त्यातला एक बुडाला. त्या मुलाच्या आईचे दुःख मी लहान करीत नाही. परंतु त्यावर उपाय काय झाला? पोहणे शिकवणाऱ्या बाईलाच पाण्याबाहेर काढण्यात आले. मी मागितले ते एवढेच : सकाळची वेळ, जाणत्या माणसाची देखरेख, आणि बायकामुलांसाठी उघडे फाटक. नकार आला असता तर मी त्याविरुद्ध दाद मागितली असती. नकारही आला नाही.

वहिनींचे गुडघे तोवर अगदी गेले होते. "पाण्यात गुडघे हायेत का नाही, आठवतच नाही, भाऊजी. खाटेवर रातदिन आठवतात." दिवाळीत भेटलो तेव्हा त्या पाण्याविषयीच बोलत होत्या, थंडीत वरचे पाणी गार आणि खालचे कोमट कसे लागते ते सांगत होत्या. मी म्हणालो, "उत्तर निघाले आहे असे कळते. उन्हाळ्यापर्यंत फाटक उघडेल." मला तसे काहीही कळले नव्हते. त्यांनी माझ्या हातावर थापटी मारली. "तुमचा बी भोपळा भोकाचाच हाये, भाऊजी... पण बांधा. बरं वाटते."

रथसप्तमीला मी पोहोचल्यावर त्यांना शेवटची आंघोळ घालायची वेळ आली, तेव्हा बायका घरातल्या नळाकडे गेल्याच नाहीत. त्यांनी कळशा उचलल्या आणि तलावाकडे निघाल्या. म्हाताऱ्या होत्या, सुना होत्या. सगळ्या वहिनींच्या भोपळ्यावर शिकलेल्या. कुंपणापाशी आल्यावर त्या थबकल्या आणि त्यांनी मागोमाग आलेल्या माझ्याकडे पाहिले. मी खालची तार दोन्ही हातांनी वर उचलून धरली. हा मनाई आदेशाचा भंग असेल, तर संबंधितांनी माझे नाव लिहून घ्यावे. मी नाकारणार नाही. वहिनी त्यांच्या तलावाच्या पाण्यात न्हाल्या. नऊ महिन्यांनी.

तो भोकाचा भोपळा आता माझ्या वाशिमच्या घरी, लिहिण्याच्या टेबलाच्या वर, भिंतीतल्या खिळ्याला टांगलेला आहे. पुतण्याने दिला. वारा आला की आतल्या बिया खुळखुळतात आणि मी लिहिता लिहिता थांबतो... पाण्यावरून कुणी हाक मारील, "अंग सोडा, भाऊजी," असे वाटते. मी अंग सोडणार नाही. यंदाचा उन्हाळा तोंडावर आहे आणि आमच्या गावच्या मुली पाण्याला भिऊन मोठ्या होणार आहेत. त्यांनी पोहणे कुठे शिकायचे, याचे उत्तर वर उल्लेखिलेल्या अधिकाऱ्यांनी वृत्तपत्राच्या याच पुरवणीत, नावानिशी, जाहीरपणे द्यावे. घरी पत्र पाठवू नये. ते ज्यांना वाचून दाखवायचे होते, त्या आता खाटेवर नाहीत.