थोरल्याचे डोंगर

सांगलीत मी एका फोटो स्टुडिओच्या डार्करूममध्ये कामाला होतो, पण डोकं मात्र साताऱ्याकडच्या आमच्या गावच्या कड्यांवर ठेवून आलो होतो. दिवसभर नवरानवरीचे चेहरे पाण्यात बुडवायचे, धुवायचे आणि वाळत घालायचे. मला हवे होते डोंगर. डोंगर चढणाऱ्या माणसांच्या गोष्टी लिहाव्यात, त्यांची चित्रं लोकांना दाखवावीत आणि त्यावरच पोट भरावं, असं खूळ मी घेतलं होतं. सत्तरच्या दशकातली सांगली. कुस्ती आणि नाटक सोडून तिसऱ्या गोष्टीला गर्दी होते, हे तिला मान्यच नव्हतं. एका साप्ताहिकाचे संपादक माझा पहिला लेख वाचून म्हणाले, "अहो, पण हा माणूस वर गेला कशाला? तिथं देऊळ आहे का?" मी नाही म्हणालो. "मग किल्ला?" तोही नव्हता. त्यांना माझी कीव आली असावी. पुढं लेख छापला, पण खताच्या जाहिरातीखाली.

लेखातला माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ. तो पलटणीत होता. आमच्या गावात घरटी एकजण पलटणीत, त्यामुळं त्याचं कुणाला नवल नव्हतं. नवल हे, की पलटणीनं त्याला बर्फातले डोंगर चढायच्या शिक्षणाला धाडलं, आणि तेव्हापासून तो सुटीवर आला की उसाला पाणी पाजायचं सोडून गावामागच्या कड्याला दोर लावू लागला. वडील आम्ही लहान असतानाच गेले होते, त्यामुळं रागवायचं काम चुलत्यांकडं होतं. "तिकडं चढतोस ते पगारासाठी. हितं कोण पगार देतंय रं तुला?" थोरला हसून दोर खांद्यावर टाकायचा. मी स्टुडिओच्या मालकांच्या हातापाया पडून कॅमेरा आणायचो आणि कधी खालून, कधी कमरेला दोर बांधून त्याच्या बाजूला लोंबकळत फोटो काढायचो. मला उंचीची भयंकर भीती वाटायची, अजूनही वाटते. तो वरून ओरडायचा, "खाली बघू नगंस गड्या, माज्याकडं बघ!" त्याच्याकडं बघायचं म्हटलं की मला सगळं जमायचं.

स्लाइडची कल्पना त्याचीच. "लिवल्यालं कोण वाचतंय? दाव की लोकास्नी," म्हणाला. बर्फातल्या डोंगरांचे फोटो तो तिकडून स्वतःच्या कॅमेऱ्यात काढून आणायचा. रंगीत फिल्म मिळायची मारामार, आणि ती धुवायला मुंबईला पाठवावी लागे. पुठ्ठ्याच्या चौकटीतले ते टिचभर तुकडे परत आले की मी ते खिडकीच्या उजेडात धरून बघत बसायचो आणि मालक माझ्या नावानं ओरडायचे. एका कॉलेजातून प्रोजेक्टर उसना मिळाला. मग शाळा, तालमी, साखर कारखान्याचा हॉल, जिथं बोलावतील तिथं जायचं, पांढरी चादर ताणायची आणि सुरू करायचं. थोरला सुटीवर असेल तर तो बोलायचा. "हितं पाय घसरला. हितं भ्या वाटलं. हितं चा केला." एवढ्यावर लोक पोट धरून हसायचे. मी बोलायला लागलो की शिखरं आभाळाला भिडायची आणि मागच्या रांगेतली माणसं विडी ओढायला बाहेर जायची. जतकडच्या एका शाळेत तर एक मेंढपाळ बाबा शेवटपर्यंत बसून राहिले आणि म्हणाले, "एवढं पाणी वर गोठून बसलंय, ते खाली आणायचं बघा की." थोरल्याला ते इतकं पटलं, की परतीच्या एसटीत तो त्याच विचारात होता.

पुढच्या वर्षी हिमालयातल्या एका चढाईत तो गेला. बर्फाचा कडा सुटला, एवढंच आम्हाला कळलं. तो सापडला नाही. नंतर पलटणीतली दोन माणसं त्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन आली. ट्रंकेत त्याचा कॅमेरा होता, शेवटच्या चढाईला जाताना तंबूत ठेवून गेलेला, आणि कॅमेऱ्यात अर्धा वापरलेला रोल.

आमच्या गावात पलटणीतला माणूस गेला की ते घरातल्या बाईला तोंडानं सांगत नाहीत. गावातली जाणती माणसं येतात, डोक्यावरचे पटके, टोप्या काढून मांडीवर ठेवतात आणि अंगणात गप्प बसून राहतात. बाई बाहेर येते, उघडी डोकी बघते आणि काय ते समजते. सांगणाऱ्याची जीभ वाचावी म्हणून कधीतरी पडलेली ही पद्धत असावी. आई बाहेर आली, तिनं बघितलं, आत गेली आणि चुलीवरचा भात उतरवून ठेवला. ती रडली नाही. देह नव्हता, म्हणून पुरुषमाणसांनी नदीवर जाऊन दर्भाचा पुतळा जाळला. ती त्या दिवशीही रडली नाही. लोक म्हणाले, जवानाची आई आहे, काळजाची घट्ट आहे. मीही तसंच धरून चाललो, कारण तसं धरणं सोपं होतं.

आणि इकडं माझं बस्तान बसलं.  त्या रोलमधली शेवटची स्लाइड तंबूबाहेरची होती, कुणा सोबत्यानं काढलेली. थोरला उन्हात बसलाय, मिशांना बर्फ लागलाय, मागं नुसता पांढरा उतार. ती पडद्यावर आली की मागच्या रांगेतली माणसं पुढं सरकून बसायची. आता विडीला कुणी उठत नव्हतं. खताच्या जाहिरातीखाली मला टाकणारे संपादक दर आठवड्याला मजकूर मागू लागले. मिरज, विटा, जत, सगळीकडून बोलावणी आली, आणि सगळ्यांना एकच गोष्ट हवी होती. ती सांगताना ठरलेल्या जागी माझा गळा भरून यायचा. ते सोंग नव्हतं. पण तो त्याच वाक्याला भरून येणार, हे मला आधीच ठाऊक असायचं. ज्याची आस धरली होती ते सगळं मिळालं, आणि मला फक्त तो परत हवा होता.

मग आमच्याच गावच्या हायस्कुलानं बोलावलं. दुपारची वेळ, खिडक्यांवर घोंगडी टाकून वर्गात अंधार केलेला. आई तोवर एकाही कार्यक्रमाला आली नव्हती. त्या दिवशी ती आळीतल्या बायकांबरोबर आली आणि पहिल्या बाकावर बसली, पायाशी पाण्याचा तांब्या ठेवून. गावामागचा कडा आणि त्याखालचं गाव दिसलं तशी पोरं आपापली घरं ओळखून ओरडायला लागली. मग एकेक करत शेवटची स्लाइड आली.

आई उठली. पदराची गाठ सोडून तिनं भाकरीचा तुकडा काढला. लांबून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, त्याच्या डोळ्यांना पाणी लावायचं, मगच त्याला उंबऱ्याच्या आत घ्यायचं. दर सुटीला ती थोरल्याचं हे करायची. आता ती चादरीपुढं उभी राहिली. अर्धा थोरला तिच्या पाठीवर पडला होता. तिनं तुकडा त्याच्या तोंडावरून ओवाळून दाराकडं टाकला, हात भिजवून त्याच्या दोन्ही डोळ्यांना पाणी लावलं आणि परत येऊन बसली. चादर तेवढ्या जागी ओली झाली. 

बसल्या जागेवरून, घरात विचारावं तसं तिनं विचारलं, "हितनं कुटं गेला त्यो?"

"वर गेला, आई."

"मग?"

इथून पुढची वाक्यं मला झोपेतही पाठ होती. त्यांतलं एकही तिच्यासमोर तोंडातून निघेना.

"मग बर्फ कोसळला. दादा त्यात गाडला गेला. दादा मेला, आई."

"मेला," ती म्हणाली. पुन्हा म्हणाली, "मेला व्हय." मग माझ्याकडं वळून बघितलं. "समदी येऊन नुसती उघडी डोकी दावून गेली रं. कुणी सांगतच न्हाई. मी वाट बघत बसलीया."

आणि तिनं हंबरडा फोडला. बाकावर डोकं आपटून घेत होती, बायकांना ती आवरेना. मी प्रोजेक्टर बंद करून तिच्यापाशी जाऊन बसलो. तिचा हात धरला, तो अजून ओला होता.

ती गोष्ट मी पुन्हा कुठल्याच हॉलात सांगितली नाही. दुसरी कुणाला नको होती. हळूहळू बोलावणी थांबली, आणि मी स्टुडिओतल्या लग्नाच्या फोटोंकडं परत गेलो. त्याचं मला फारसं दुःख झालं नाही. दुःख आहे ते वेगळंच. माझा भाऊ गेला, हे मी सबंध सांगली जिल्ह्याला सांगत फिरलो होतो, आणि माझ्या आईला ते ऐकायला शाळेच्या बाकावर येऊन बसावं लागलं.