सिस्टरांच्या घरी नको म्हणजे नको

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी लीड्सच्या रत्नमाला साळवे यांचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटणार नाही. खरं बोलायला त्यांनीच मला शिकवलं आहे. रत्नमालाबाई मूळच्या नगरच्या. त्यांनी तिथे नर्सिंग केलं, तरुणपणी इंग्लंडला आल्या आणि लीड्सच्या एका हॉस्पिटलात आयुष्य काढलं. निवृत्त होऊन कित्येक वर्षं झाली तरी सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. या सिस्टर जेवायचं एकदाच विचारत. दुसऱ्यांदा विचारलेलं मी कधी पाहिलं नाही.

मी एम.एस्सी.साठी लीड्सला आलो तेव्हा त्यांच्याकडे वरची खोली भाड्याने घेतली. पोचलो त्या संध्याकाळी त्यांनी दार उघडलं, बॅग कुठे ठेवायची ते दाखवलं आणि विचारलं, "जेवणार?"

"नको नको, झालंय माझं," मी म्हणालो.

"बरं," असं म्हणून त्या एकट्याच जेवायला बसल्या. ज्वारीची भाकरी, मटणाचा रस्सा, फोडलेला कांदा. विमानतळावरच्या सँडविचनंतर माझ्या पोटात काही गेलं नव्हतं. मी समोरच्या खुर्चीवर बसून भिंतीवरच्या फरशा मोजत होतो आणि त्या पुन्हा कधी विचारतात याची वाट पाहत होतो. त्यांनी सावकाश जेवण संपवलं, ताट धुतलं, ओटा पुसला आणि मला खोली दाखवायला निघाल्या. जिन्यावरून मी वळून एकदा पातेल्याकडे पाहिलं.

मी करमाळ्याचा. आमच्याकडे पाहुण्याने आधी 'नको' म्हणायचं, यजमानाने 'असं कसं' म्हणायचं, पाहुण्याने 'खरंच नको' म्हणायचं आणि तोवर यजमानाने वाढलेलंही असायचं. पहिल्याच विचारण्याला 'हो' म्हणणारा पोरगा हावरट ठरतो आणि त्याच्या आईचं नाव निघतं. घरातला मी पहिला पदवीधर, वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान. हावरट दिसण्याची मला फार भीती होती. दुसऱ्या दिवशीही मी 'नको' म्हणालो आणि दुसऱ्या दिवशीही त्या 'बरं' म्हणाल्या. तिसऱ्या दिवशी त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत मी 'हो' म्हणालो.

"अगं बाई," त्या म्हणाल्या, "करमाळ्याला तोंड आहे की!" तेव्हापासून माझं नाव करमाळा पडलं. कुणालाही त्या त्याच्या गावाच्या नावाने हाक मारत. वॉर्डात खाटेच्या नंबराने हाका मारायची सवय, त्यातलाच हा प्रकार असावा.

आग्रह या गोष्टीचा त्यांना मनापासून तिटकारा होता. "आग्रह म्हणजे वाढणाऱ्याची मिजास आणि खाणाऱ्याचा नखरा," असं त्या म्हणत. आपल्या मंडळींच्या घरच्या जेवणांना त्या जात नसत. तिथे बायका तासभर एकमेकींना 'घे गं', 'नको गं' करतात आणि शेवटी पुरणपोळ्या डब्यात भरून फ्रिजमध्ये जातात, हे त्यांना बघवत नसे. मी एकदा त्यांना पकडायला गेलो. म्हटलं, "सिस्टर, मग वॉर्डात पेशंटलाही तुम्ही एकदाच विचारत होतात का?"

"तिथे तीन तीनदा विचारायचे. म्हातारे इंग्रज कण्हत पडलेले असायचे आणि विचारलं की म्हणायचे, 'आय डोन्ट वॉन्ट टू बी अ बॉदर, सिस्टर.' तुझेच चुलते सगळे. पण तिथं मला त्याचा पगार होता. घरी मी का विचारू? घरी माणसं राहतात, पेशंट राहत नाहीत."

हॉटेलात जाऊन खाण्याबद्दल तर त्यांच्या मनात तुच्छतेशिवाय काहीच नव्हतं, आणि ती तुच्छता मला त्यांच्याकडून पुरेपूर मिळाली आहे. पुण्याहून आलेला निनाद नावाचा माझा मित्र बँकेच्या सॉफ्टवेअरमध्ये होता. सिस्टर त्याला कोथरूड म्हणत. त्याला दर महिन्याला नवीन रेस्टॉरंट लागे आणि दर महिन्याला ते 'एकदम ऑथेंटिक' असे. त्याच्या वाढदिवसाला त्याने आम्हा दोघांना एका झकपक इंडियन रेस्टॉरंटमध्ये नेलं. आधी वडापाव आला. मोठ्या काळ्या दगडावर एका कोपऱ्यात वडा, दुसऱ्या कोपऱ्यात पावाचा भाजलेला तुकडा आणि मध्ये चटणीचे तीन ठिपके.

"हे कुणी मोडलं?" सिस्टरांनी विचारलं.

"मोडलं नाही, सिस्टर. डीकन्स्ट्रक्टेड आहे. थांबा, हात नका लावू, फोटो काढतो."

निनाद उभा राहून, वाकून, खुर्ची सरकवून फोटो काढत राहिला. सिस्टर हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "कोथरूड, एक्स-रे झाला असेल तर पेशंटला हलवू का?"

मुख्य जेवणाची ऑर्डर घ्यायला बांगलादेशातल्या सिल्हेटकडचा एक तरुण वेटर आला. सिस्टरांनी मेन्यू मिटून त्याच्या हातात दिला. "व्हॉट डू यू ईट ॲट होम, लव्ह?"

तो गोंधळला. "राइस अँड फिश, आंटी."

"दॅट. ब्रिंग मी दॅट."

"इट्स नॉट ऑन द मेन्यू, आंटी."

"आय नो. दॅट्स व्हाय."

पंधरा मिनिटांनी तो आतून स्टाफसाठी केलेला भात आणि माशाचं कालवण घेऊन आला. सिस्टरांनी बाही वर सारली आणि हाताने जेवल्या. माझ्यासमोर काटा-चमचा आणि कोल्हापुरी म्हणून आणलेलं लॅम्ब होतं, आणि ते गोड होतं. बासुंदीइतकं नाही, पण जॅमइतकं नक्की. वेटरने विचारलं, "एव्हरीथिंग ओके, सर?" मी म्हणालो, "लव्हली, थँक यू."

"खोटारडा," सिस्टर भात कालवत म्हणाल्या.

'बाहेर खाणं' त्यांना अगदीच मान्य नव्हतं असं नाही. दर शुक्रवारी त्या कोपऱ्यावरच्या चिपीतून, म्हणजे मासे आणि बटाट्याच्या फोडी तळून देणाऱ्या दुकानातून, चिप्स घेत आणि व्हिनेगर शिंपडून फुटपाथवर उभ्या राहून खात. थंडीत, वाऱ्यात, छत्री काखेत धरून. "बाहेर खायचं तर बाहेर उभं राहून खावं. आत बसून काय करायचंय? आत बसायला घर आहे," असं त्यांचं म्हणणं. तिथे तळणीत उरलेला कुरकुरीत चुरा मागितला तर फुकट मिळतो. त्याला यॉर्कशरमध्ये स्क्रॅप्स म्हणतात. काउंटरवरची बाई मला "एनीथिंग एल्स, लव्ह?" असं विचारायची आणि मी दर शुक्रवारी मान हलवून "नो, थँक यू" म्हणायचो. मग मागून सिस्टरांचा आवाज यायचा, "ही वॉन्ट्स स्क्रॅप्स. ही इज टू प्राउड टू से." मला ते लाजणं वाटायचं. त्या त्याला गर्व म्हणायच्या. कुणाचं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. त्यांचा चहा म्हणजे गरम पाण्याला लागलेला डाग. पनीरला त्या रबर म्हणत आणि पनीर खाणाऱ्याकडे दयेने बघत. आभार मानले तर चिडत. परीक्षेच्या दिवसांत त्यांनी महिनाभर मला सकाळी गरम भाकरी करून दिली. निकालाच्या दिवशी मी पाया पडायला वाकलो तर म्हणाल्या, "खाली काय पडलंय? ऊठ. लादी पुसलेली आहे."

एम.एस्सी.नंतर मला विद्यापीठातच नदीच्या पाण्याचे नमुने तपासण्याचं तात्पुरतं काम मिळालं. तिथल्या प्रमुख मार्गारेट. शांत बाई, चहाबरोबर रोज एकच बिस्किट. माझा व्हिसा संपायला चार महिने उरले होते. कुणी पक्की नोकरी देऊन स्पॉन्सर केलं नाही तर करमाळ्याला परत जावं लागणार होतं. घरी मी हे सांगितलं नव्हतं. वडील येणाऱ्या-जाणाऱ्या गिऱ्हाइकाला अजून माझा कोट घातलेला फोटो दाखवत होते.

एका मंगळवारी कॅन्टीनमध्ये मार्गारेट माझ्यासमोर येऊन बसल्या. म्हणाल्या, तीन वर्षांच्या एका कामाला पैसे मिळालेत, तुला राहायला आवडेल का?

संध्याकाळी मी उड्या मारतच घरी आलो. सिस्टर भाकरी थापत होत्या. मी सांगितलं, "मार्गारेटनी जागेबद्दल विचारलं!"

"मग? काय म्हणालास?"

"मी म्हटलं, नको, माझ्यासाठी त्रास घेऊ नका."

थापणारा हात थांबला. "इंग्रजीत सांग. जसं बोललास तसं."

"ओ नो, प्लीज, डोन्ट वरी अबाउट मी."

"आणि ती?"

"त्या म्हणाल्या, 'ओ. फेअर इनफ.' परत विचारतील ना त्या. एकदम हो कसं म्हणायचं, सिस्टर? बरं दिसतं का?"

सिस्टरांनी गॅस बंद केला. अर्धी थापलेली भाकरी तशीच परातीत राहिली. "फेअर इनफ म्हणजे फाइल बंद, गाढवा. ती काय तुझी मामी आहे, मागे लागून वाढायला? तुला जागा हवी होती का नको होती?"

"हवी होती."

"मग हे तिला सांग. मला काय सांगतोस? म्हण आत्ता. आय वॉन्ट द जॉब."

"आय वॉन्ट द जॉब, इफ इट्स नॉट टू मच..."

"इफ नाही."

"आय वुड लाइक..."

"लाइक नाही. चहा लाइक करतात."

दहा-बारा वेळा म्हणवून घेतलं. मला रडू आलं तेव्हा म्हणाल्या, "रड, पण वाक्य पुरं कर." मग पुन्हा गॅस लावला.

सकाळी नऊला मी मार्गारेटच्या दारात उभा होतो आणि ते वाक्य मी इफशिवाय म्हटलं. संध्याकाळी घरी येऊन सिस्टरांना सांगितलं की ती जागा आधीपासूनच केंब्रिजच्या एका माणसाला ठरली होती, मार्गारेटनी मला नुसतं सहज विचारलं होतं. पण मला काम हवंय म्हटल्यावर त्यांनी माझ्यासमोर कार्डिफला फोन लावला आणि तिथे एक जागा आहे.

"म्हणजे तुझ्या नकोने काही बिघडलं नाही?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"बरं," त्या म्हणाल्या.

कार्डिफची मुलाखत झाली, जागा मिळाली, व्हिसाही मिळाला. लीड्स सोडताना स्टेशनवर यायला त्यांनी नकार दिला. दारातूनच म्हणाल्या, "तिथल्या लोकांपुढे लाजू नकोस. त्यांना वेळ नसतो." आणि दार लावलं.

त्यानंतर दोन वर्षांनी सिस्टर गेल्या. मी कार्डिफहून पहिल्याच आठवड्यात त्यांना एक पत्र पाठवलं होतं. आधी कच्चं लिहून मग पक्कं करायची शाळेपासूनची सवय, म्हणून त्याचा मजकूर माझ्याकडे राहिला. पत्राबद्दल त्या कधी एक अक्षरही बोलल्या नाहीत. पत्रात मी जे मागितलं ते मात्र त्यांनी दिलं. पत्र असं:

ती. सिस्टर यांना,
सा. न. वि. वि.

मी इथे नीट पोचलो. खोली लहान आहे, पण खिडकी आहे. काम सोमवारी सुरू झालं. लोक बरे आहेत.

मी तुमच्याशी खोटं बोललो. लीड्सची जागा आधी कुणाला ठरलेली नव्हती. ती माझी होती. मार्गारेटनी पैशांसाठी अर्ज केला तेव्हाच त्यात माझं नाव घातलं होतं. मंगळवारी मी 'नको' म्हटल्यावर त्यांना वाटलं, मला दुसरीकडे काम मिळालंय. मी कॅन्टीनमधून उठल्यावर तासाभरात त्यांनी केंब्रिजच्या माणसाला कळवलं. बुधवारी मी दारात उभा राहून ते वाक्य म्हटलं तेव्हा त्यांनी हाताने तोंड झाकलं. म्हणाल्या, "ओ, यू सिली बॉय." शब्द परत घेता येत नव्हता. म्हणून त्यांनी कार्डिफला फोन केला.

हे तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही जे बोलला असतात ते ऐकायची माझ्यात हिंमत नव्हती. आता इतक्या लांबून आहे. काय बोलायचं ते बोला. मी लीड्सला तीन वर्षं तुमच्याकडे राहू शकलो असतो. माझ्या एका शब्दाने ती गेली. इथे कुणी विचारत नाही तरी मला रोज संध्याकाळी हेच आठवतं.

आणखी एक सांगायचं आहे. पावणेतीन वर्षं मी तुमच्याकडे दोन भाकऱ्या खाऊन 'पुरे' म्हणत होतो. ते पुरे नव्हतं. वर जाऊन मी बिस्किटं खायचो.

येत्या शनिवारी दुपारच्या गाडीने येतो. मला तीन लागतात.

आपला,
करमाळा