बिज्याचा दस्ता

कवडू वाढईला कुणी काहीही बोलावं, तो हसून सोडून देई. फक्त ‘हे तुले जमाचं नाही’ एवढं म्हणू नये. म्हटलं की संपलं! मग तो ते काम तहानभूक विसरून करणार, आणि करताना सगळ्या आळीला ओरडून सांगणार. नवेगाव बांधच्या तळ्याकडे जाणाऱ्या वाटेवर त्याचं अंगण होतं. नांगर, बैलगाडीची चाकं, कोळ्यांचे डोंगे, सारं तिथंच होई. हाताला भारी सफाई. पण लोक हाक मारत ती ‘ए वाढई’, म्हणजे ‘ए सुतारा’, अशीच. गोंदियात टेबल-खुर्च्या करणाऱ्यांना मात्र ‘मिस्त्री’ म्हणत, आणि हे कवडूला फार झोंबे.

“ते मिस्त्री, आन् मी का लाकूडफोड्या होय?” असं तो बायकोला सारखं विचारी.

“तोंड कमी चालवा, रंधा जास्त चालवा. मंग म्हनतीन,” मंदाबाई चुलीपासून उत्तर देई.

त्रेपन्न सालचा भादवा होता. जंगलाला लागून ज्याची धानाची बांधी होती तो श्यामलाल एका सकाळी पोत्यात काहीतरी गुंडाळून अंगणात आला. रानडुकरांनी त्याच्या शेतात नुसता धुमाकूळ घातला होता. पिकाच्या राखणीसाठी त्याच्याकडे परवान्याची भरमार बंदूक होती, नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची ती जुनी बंदूक. रात्री राखणीच्या माळ्यावरून उतरताना पाय सटकला. श्यामलाल वाचला, पण बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचं लाकूड, मधोमध मोडला.

“गोंदियालेच नेऊन राहिलो होतो,” श्यामलाल म्हणाला. “पन घरवाली सुशिला म्हने, कवडूले दाखवा. तुले जमाचं नाही, मले मालूम आहे.”

झालं! कवडूने हातातला लाकूड तासायचा वासला खाली टाकला.

“काऊन जमाचं नाही?”

“बंदूक होय ते, नांगर नाही.”

“ठेवा इथं!”

श्यामलालही काही कमी नव्हता. म्हणाला, “दसऱ्याच्या पूजेत गावासमोर ठेवाजोगी झाली, तं मी सोता तुले मिस्त्री म्हनीन, साऱ्यायसमोर. नाही झाली, तं तू आपले नांगर कर, मी गोंदिया गाठतो.”

कवडूने लाकूड निवडलं ते बिज्याचं, म्हणजे बिवळ्याच्या झाडाचं. मधाच्या रंगाचं, चिवट, जुनं वाळलेलं. आता परवान्याची बंदूक दुसऱ्याच्या घरी ठेवायची नाही, असा कायदा. म्हणून श्यामलाल रोज बंदुकीची नळी आणि घोडा घेऊन येई, अंगणात बाजेवर बसून राही आणि संध्याकाळी लोखंड घेऊन घरी जाई. कवडू नळीला दिव्याची काजळी फासे, लाकडाच्या खोबणीत बसवे आणि उचले. जिथं काळं लागलं तिथं लाकूड वर आलेलं. तेवढंच पटाशीने काढे, पुन्हा काजळी, पुन्हा पटाशी. शेवटी नळी अशी चपखल बसली की मधे केस जायला जागा उरली नाही. कवडू उठून नाचलाच म्हणा ना! पारिजातकाच्या खरखरीत पानांनी घासून घासून त्याने दस्ता असा गुळगुळीत केला की श्यामलाल बोलताना नकळत त्यावरून हात फिरवू लागला.

आता राहिलं वरचं पॉलिश. आणि इथंच सगळी गंमत झाली.

टोळीचं तेल लावावं का? मोहाच्या बियांचं तेल, घरचंच. श्यामलाल बाजेवरून ओरडला, “नोको बाप्पा! मोहाच्या वासानं अस्वल माळ्यावर चढन आन् मलेच चाटन!” बिब्बा लावावा? काळाभोर रंग येतो, पण गालाला लागला की गाल फुटून येणार. मग जवसाचं तेल. कवडूने उरलेल्या तुकड्यावर ते चोळलं, आणि लाकूड आतून पेटल्यासारखं उजळलं. “बस! हेच!” तो ओरडला.

मंदाबाई सूप घेऊन मागे उभी होती. तिच्या माहेरी पळसावरची लाख काढायचा धंदा. ती म्हणाली, “लाख लावा ना. बिजा होय ते.”

“लाख?” कवडू इतका हसला की त्याला ठसका लागला. “लाख बांगडीची असते, मंदे! मर्दाच्या बंदुकीले बांगड्या भरू का?”

श्यामलालही खो खो हसला. मंदाबाईने सूप आपटलं आणि आत गेली. बाईमाणूस बरोबर बोलतंय की काय, एवढा विचार करायला वेळ कोणाला होता!

कवडू रोज जवस चोळायचा, दस्ता उन्हात ठेवायचा, पुन्हा चोळायचा. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवायचा. दसऱ्याच्या आदल्या संध्याकाळी तेलाचा उग्र वास जावा म्हणून त्याने दस्ता नव्या पांढऱ्या धोतरात गुंडाळला आणि अंगणातल्या कुडाच्या कुंपणावर ठेवून दिला.

सकाळी उठून बघतो तर काय! रात्रभर दव पडलेलं, धोतर ओलंचिंब, आणि त्यावर जिकडेतिकडे पिवळे-तांबडे डाग. बिजा रडला होता! बिज्याच्या पेल्यात रात्री पाणी ठेवलं की सकाळी ते रंगतं, हे लेकराबाळांनाही ठाऊक. साखरेच्या दुखण्यावर म्हातारे तेच पाणी पितात. कवडूने स्वतः कितीतरी पेले करून विकले होते. आणि तोच विसरला! दुपारी पूजेत पाणी शिंपडणार, रंग गळणार, सारं गाव बघणार.

“मेलो!” कवडू मटकन खाली बसला. “गेली इज्जत, मंदे. आता काय तोंड दाखवू?”

मंदाबाई चुलीपासून उठून आली. तिने धोतर हातात घेतलं, डाग बघितले. मग नवऱ्याकडे एकवार असं बघितलं की त्याने मान खाली घातली. “उठा,” ती म्हणाली. “रडाचं काम बिजा करून राहिला ना? तुमी निखारे काढा.”

मग काय धावपळ! आधी दस्ता कोरडा पुसला, वरचं ओलसर तेल पानांनी घासून काढलं. कवडूने तो निखाऱ्यांवर हळूहळू फिरवत शेकायचा. मंदाबाईने गरम लाकडावर माहेरच्या लाखेची कांडी घासायची. लाख वितळली की फडक्याने जोर लावून पसरवायची, थंड व्हायच्या आत. “फिरवा! लवकर! जाळता का त्याले?” “अवं, तुझी बोटं भाजतीन!” “माझ्या बोटाचं मी बघतो, तुमी फिरवा!” दोघं घामाने निथळत होती. लाखेचा थर बसत गेला आणि बिज्याच्या मधाळ रंगावर अशी तांबूस झळाळी चढली की कवडूने दस्ता उन्हात धरून चारदा फिरवून बघितला.

दुपारी मारुतीच्या पारावर सगळ्यांची अवजारं मांडली होती. विळे, कुऱ्हाडी, कवडूचे रंधे, आणि मधोमध बंदूक. सुशिलाबाईने पाणी शिंपडायचं सोडून तांब्याच उलटा केला!

“अवं, घोड्यावर नोको, गंजन!” श्यामलाल ओरडला.

पाण्याचे थेंब दस्त्यावरून घरंगळले आणि पाटावर पडले. स्वच्छ, बिनरंगाचे. श्यामलालने आपल्या पांढऱ्या उपरण्याने दस्ता पुसला, उलटसुलट करून उपरणं बघितलं. पांढरंफेक! मग त्याने दारू ठासली, बंदूक खांद्याला लावली आणि आभाळात बार काढला. तळ्यावरची पाखरं उठली, पोरं किंचाळली, आणि दस्त्याला साधा तडासुद्धा गेला नाही.

“वा, कवडू मिस्त्री!” श्यामलाल साऱ्या गावादेखत गरजला. “वा, मिस्त्री!” म्हणून मागून आणखी चारजण ओरडले.

ज्या शब्दासाठी जीव टाकला तो कानावर आला. कवडूची छाती फुगली, तोंड उघडलं, आणि नजर बायकांच्या घोळक्याकडे गेली. तिथं मंदाबाई भाजलेल्या बोटांवर फुंकर घालत उभी होती.

“श्यामलालभाऊ,” तो म्हणाला, “मिस्त्री तिकडं उभी आहे.”

लोक हसले. त्यांना वाटलं, दसऱ्याची थट्टा.

“हासून काय राहिले!” कवडू भडकला. “मी जवस लावलो होतो, जवस! सकाळी धोतरभर रंग गळला! लाख तिची होय. ते नसती तं आज तुमच्यासमोर माझं नाक कापलं गेलं असतं!”

सगळ्यांत आधी उठली ती सुशिलाबाई. तिने कुंकवाचा करंडा उचलला आणि मंदाबाईच्या कपाळाला ठसठशीत बोट लावलं. “काहीतरीच बाई तुमचं,” मंदाबाई पुटपुटली, पण तिचा चेहरा नुसता फुलला होता.

तेवढ्यात कोहमाऱ्याहून पूजेला आलेला चैतराम पुढे झाला. त्याचीही तशीच भरमार, दस्ता जुना, भेगाळलेला. त्याने ती दोन्ही हातांनी मंदाबाईपुढे धरली. “बाई, याले बी लाख लागन का?”

मंदाबाईने पदर सावरला. लाकूड उलटंपालटं करून बघितलं, नखाने खरवडलं, वास घेतला. सारा पार वाट बघत होता, आणि सगळ्यांत जास्त कवडू.

“हे सागवान होय,” ती म्हणाली. “साग रंग सोडत नाही, त्याले लाख कायले? याले जवसच पुरे.”

“ऐकलं का?” कवडू पारावर उडी मारून ओरडला. “ऐकलं का गा साऱ्यायनं? जवस! मिस्त्री म्हनते, जवस!”