जॅकेटवरचं तिरकं स्वस्तिक

कशेळ्याच्या रस्त्याला माझं रेडियमचं दुकान आहे. रेडियम म्हणजे गाड्यांवर चिकटवायचे स्टिकर. नंबर, देव, पोरांची नावं, ‘आईचा आशीर्वाद’. मशीन आकार कापतं आणि नको तो भाग मी सुईने उचलून काढतो. त्याचे बारीक तुकडे दिवसभर कपड्यांना चिकटत राहतात. दसरा जवळ आला की स्वस्तिकंच स्वस्तिकं. आमचं घर बौद्ध. आजोबांनी धर्म बदलला तेव्हाच आमच्या दारावरचं स्वस्तिक पुसलं गेलं. म्हणून आई संध्याकाळी मला दारातच थांबवते आणि शर्टावरचे लाल तुकडे वेचून काढते. “धंदा हाय, तो दुकानात ऱ्हाऊ दे,” एवढंच म्हणते. ते मला पटतं.

मला शाळेपासूनचा मित्र एकच. शेतकऱ्याघरचा. हल्ली तो कर्जतच्या फार्महाऊसवर लग्नांना साऊंड लावतो. आम्हा दोघांना पंक संगीताचं, म्हणजे लंडनच्या चिडलेल्या पोरांच्या कर्कश रॉकचं वेड. तालुक्यात ते ऐकणारे आम्ही दोघंच, हे मी छातीठोकपणे सांगतो, कारण तिसरा शोधायचा मी जीव तोडून प्रयत्न केलाय. माझे लांब नाड्यांचे बूट बघून लोक विचारतात, रस्त्याच्या कामावर लागलास का. त्याला निदान नवरदेवाकडचे लोक घाबरतात.

एक दिवस तो काळं जॅकेट घेऊन दुकानात आला. त्याला पाठीवर लाल चौकोन हवा होता, त्यात पांढरं वर्तुळ आणि वर्तुळात काळं तिरकं स्वस्तिक. नाझींचं. मुंबईत एका कार्यक्रमाला घालून जायचं होतं. मोबाईलवर लंडनच्या जुन्या पंक पोरांचे फोटो त्याने माझ्या नाकासमोर धरले.

“ह्यांचे बाप नाझींशी लढून आलेले. पोरांनी त्यांचंच चिन्ह अंगावर चढवलं. म्हातारे कसले पिसाळले असतील. अर्थबिर्थ काय नाय रं, फक्त डिवचायचं.”

हे सगळं मला ठाऊक होतं. ते फोटो मीच त्याला पहिल्यांदा दाखवले होते. मलाही ते कपडे आवडायचे, फाटके, पिना टोचलेले, कुणाच्या बापाला न भिणारे. पण हे एक चिन्ह मला कधी पचलं नाही.

“नाय कापणार,” मी म्हणालो. “इथं कोण चिडणार हाय? लोक बघून नमस्कार करतील. आणि ज्यांची माणसं त्या चिन्हाखाली मारली गेली, त्यांतला कोणी मुंबईत तुझ्यामागं उभा राहिला, तर तो चिडणार नाय. गप होईल आणि निघून जाईल.”

“दिवसभर दुसरं काय कापतोस तू? माझ्याच वेळेला बरा तुला धर्म आठवला.”

माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, धर्माचा प्रश्न नाय. तर तो म्हणाला, “मग? आमच्या घरी लहानपणापासनं येतोस. कधी कोणी तुला काय बोललं?”

नाही बोललं. त्यांच्या उंबऱ्यावर रोज रांगोळीचं स्वस्तिक असायचं. मी अंगणातून हाक मारायचो आणि तो बाहेर यायचा. चहा व्हायचा तो दाराबाहेरच्या ओट्यावर. मला कोणी कधी अडवलं नाही आणि आत ये असंही कोणी म्हटलं नाही. तो स्वतःच धावत बाहेर यायचा, त्यामुळे त्याच्या हे लक्षात यायचं कारणच नव्हतं.

“तुमचं स्वयंपाकघर कुठल्या अंगाला हाय, ते मला म्हाईत नाय,” मी म्हणालो.

“म्हंजे?” तो हसला. मी सुई उचलून कामाला लागलो. तो जॅकेट घेऊन गेला आणि नेरळला कुणाकडून तरी करून घेतलं. मुंबईतून त्याने फोटो पाठवला. कोणीही चिडलं नव्हतं, एका पोरीने त्याच्यासोबत सेल्फी काढला होता. मी उत्तर दिलं नाही. मग त्याचेही मेसेज थांबले. नवीन गाणं सापडलं की मी पाठवायला मोबाईल उचलायचो आणि परत ठेवायचो. फार एकटं वाटायचं. दुकानात गिऱ्हाईक असतानाही वाटायचं.

दसऱ्याला तो स्वतःच आला, साऊंडसाठी घेतलेला टेंपो घेऊन. समोरच्या काचेवर स्वस्तिक हवं होतं. मी कापलं, साबणाचं पाणी मारून चिकटवलं, फडक्याने बुडबुडे काढले. त्याने पैसे मोजून दिले. जाताना म्हणाला, “संध्याकाळी घरी ये. पूजा हाय.”

त्याला कळलं असावं, असं मला वाटलं. घरी येऊन अंघोळ केली, धुतलेला शर्ट घातला. बूट घ्यायला वाकलो तर आई म्हणाली, “चपला घाल. काढायला बऱ्या पडतात.”

त्यांच्या अंगणात टेंपोला हार घातला होता. दाराशी चपलांचा ढीग होता. मीही माझ्या चपला काढल्या. “आलास? बस, बस,” मित्र ओट्याकडे हात करत म्हणाला आणि पाहुण्यांना वाढायला आत गेला. त्याची आई माझ्यासाठी चहा आणि शिरा घेऊन बाहेर आली. “दिसत नाय रं बाबा हल्ली,” असं अगदी मायेने म्हणाली.

दारातून आतली खुंटी दिसत होती. खुंटीवर पाठ बाहेर करून ते जॅकेट टांगलेलं होतं. घरातल्या शिलाई मशीनला, कोयत्याला, साऊंडच्या खोक्यांना लावलं तसं त्याच्या आईने त्या नाझी स्वस्तिकालाही हळदकुंकू लावलं होतं. वर झेंडूचं एक फूल. म्हणजे ते पोचलं होतं आत. त्या घराला डिवचायला जॅकेटबिकेट काही लागत नव्हतं. मी अनवाणी उठून तो उंबरा ओलांडला असता तरी पुरलं असतं.

मी शिरा संपवला. कोणी बाहेर येतंय का, म्हणून थोडा वेळ बसलो. आत हसण्याचे आवाज चालले होते. मग ढिगातून माझ्या चपला शोधल्या आणि पायात घातल्या.

घरी आई दारातच उभी होती. “बसवलं का रं आत?” तिने विचारलं.

मी हो म्हणालो.